रंकाळ्यावरचा १० किमी चॅरिटी वॉक: पहिल्यांदाच चालले, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

तीन आठवड्यांपूर्वी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर डायलिसिसच्या पेशंटसाठी जो चॅरिटी वॉक झाला त्यात मी १० किलोमीटर चालले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, भिशीत सगळीकडं एकच प्रश्न, कसं होतं गं, पैसे वसूल आहेत का, आम्हाला जमेल का. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहिते. आयोजकांचं नाव टाकत नाही, कारण चांगलं लिहायचंय तसं खटकलेलंही लिहायचंय, आणि जे खटकलं ते मी त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर आधीच कळवलंय.

आधी मी का गेले ते सांगते. माझे मोठे दीर, आम्ही भाऊजी म्हणतो, गेली चार वर्षं डायलिसिसवर आहेत, म्हणजे किडनी चालत नाही म्हणून मशिनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं. आठवड्यातनं तीन वेळा, दर वेळी चार तास. डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडलीय, तिथं हात ठेवला की आत घरघर लागते, त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्या हातानं जड उचलायचं नाही, झोपताना तो हात अंगाखाली येऊ द्यायचा नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोराला पण पाठ आहे. डायलिसिस सरकारच्या महात्मा फुले योजनेतनं होतं, त्याचे पैसे लागत नाहीत, त्यामुळं लोकांना वाटतं झालं की सगळं फुकट. पण सेंटरवर बसलं की कळतं. गगनबावड्याकडनं, शाहूवाडीकडनं, राधानगरीकडनं माणसं येतात. डायलिसिस झाल्यावर बीपी उतरतं, गळून गेल्यासारखं होतं, अशा माणसाला एसटीत उभं राहून घरी जाता येत नाही, मग वडाप (शेअर जीप) नाहीतर स्पेशल गाडी करावी लागते. सोबत एक माणूस लागतो, त्याची तीन दिवसांची मजुरी बुडते. रक्त वाढायची इंजेक्शनं असतात, गोळ्या असतात. या वॉकचे पैसे नेमके ह्या वरच्या खर्चाला जाणार होते, येण्याजाण्याला आणि औषधांना, आणि हे फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं. त्या एका ओळीमुळं मी रजिस्ट्रेशन केलं.

फी ४०० रुपये. त्यात टीशर्ट, नंबर, नाष्टा, मेडल. ५ आणि १० किमी असे दोन पर्याय होते. फॉर्म ऑनलाइन, पैसे यूपीआयनं, पाच मिनिटांत काम झालं. बीपी, शुगर, घरचा नंबर सगळं विचारलं हे बरं केलं. पण फॉर्म नुसता इंग्लिशमध्ये! अहो कोल्हापुरात कार्यक्रम, पेशंट सगळे आजूबाजूच्या खेड्यांतले, त्यांच्या घरच्यांनाही चालायचं होतं आणि फॉर्म भरायला पोरं शोधत बसायची वेळ आली. मी स्वतः सेंटरवर बसून सहा जणांचे भरून दिले. हे पुढच्या वेळी बदललंच पाहिजे.

फी वेगळी आणि देणगी वेगळी हे मला आधी माहीत नव्हतं, तुम्हालाही माहीत असू दे. फीच्या बदल्यात आपल्याला टीशर्ट-नाष्टा मिळतो, ती देणगी धरत नाहीत. त्यावर जे आपण देतो किंवा गोळा करतो ती देणगी, आणि संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीवर करसूट मिळायची मान्यता, असेल तर त्याची इन्कम टॅक्सला सूट मिळते, पण जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तरच, आणि २,००० रुपयांच्या वर कॅश दिली तर त्याला सूट नाही. त्यामुळं मोठी रक्कम कुणी देत असेल तर चेक किंवा यूपीआय घ्या आणि पॅन नंबर लगेच लिहून घ्या, कारण संस्थेकडनं येणारं देणगीचं १०बीई सर्टिफिकेट त्यावरच निघतं. आमच्या संस्थेनं दोन्हीच्या पावत्या वेगवेगळ्या दिल्या, एकदम चोख.

आता पैसे गोळा करणं. चालण्यापेक्षा मला हे अवघड गेलं. मागायला जीभ रेटत नव्हती. पहिले चार दिवस मी नुसतं व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकलं, त्यावर हात जोडल्याचे इमोजी आले आणि पैसे शून्य. मग मी पोस्टर बंद केलं आणि एकेकाला भेटून सांगायला लागले, की बाबा एक पेशंट आठवड्यातनं तीनदा गावाकडनं येतो, त्याच्या एका परतीच्या गाडीला एवढे लागतात, तू एक फेरी दे. बास. असं नेमकं सांगितलं की माणूस नाही म्हणत नाही. काहींनी किलोमीटरला २० रुपये लावले, म्हणजे १० चालले तर २००, म्हणजे मधेच सोडून बसायची सोय नाही. आमच्या भाजीवाल्या मावशींनी काही न बोलता ५० ची नोट काढून दिली आणि पावती नको म्हणाल्या, मी तरी फाडून दिलीच. सगळे मिळून ११,४०० झाले. ज्यांना वाटतं आपल्याकडनं कोण देतंय, त्यांनी हे करून बघा, कोल्हापूरकर माणूस तोंडानं फटकळ असेल पण हात आखडता घेत नाही.

तयारीबद्दल. मी ४६ वर्षांची, बसून काम, शुगर बॉर्डरला. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं आणि शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका. सहा आठवडे हातात होते. सकाळी शिवाजी विद्यापीठात चालायला लागले, तिथं झाडी आहे, चालणारे भरपूर असतात, बाईमाणसाला एकटं जायला भीती नाही. पहिल्या दिवशी दीड किलोमीटरमध्ये नडग्या धरल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. का, तर मी उत्साहात सुसाट सुटले होते. मग तिथल्याच एका रिटायर्ड सरांनी सांगितलं की चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, तो वेग बरोबर. हे वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं. आठवड्यातले चार दिवस चालायचं, एक दिवस लांब, आणि तो लांबचा पल्ला दर आठवड्याला थोडाथोडाच वाढवायचा. शेवटच्या आधीच्या रविवारी ८ केले आणि मग आठवडाभर हलकंच ठेवलं. ८ जमले की १० जमतात, वॉकच्या दिवशी आजूबाजूची माणसंच ओढून नेतात.

पायातलं काय घालायचं यावर मात्र जरा जास्त लिहिते कारण माझी चूक इथंच झाली. मी जन्मभर कोल्हापुरी वापरलेली बाई, मला वाटलं चपलेवर चालू. नवी कोल्हापुरी चावते, तिला तेल पाजून पाजून मऊ करायची हे आपल्याला माहीतच आहे, आणि मुरलेली चप्पल पायात असली की पाय कसा गार राहतो तेही माहीत आहे. २०१९ ला जीआय, म्हणजे ह्याच भागाची खासियत म्हणून सरकारी मानांकन, मिळालंय आपल्या चपलेला, मला तिचा अभिमानच आहे. पण डांबरी रस्त्यावर दीड-दोन तास सलग चालायला ती नाही, तळ सपाट, टाचेला आधार नाही, अंगठ्याच्या पट्ट्यापाशी तिसऱ्याच दिवशी कातडी सोलली. मग राजारामपुरीतनं २,६०० चे बूट घेतले. दुकानातल्या पोराचं कौतुक, त्यानं मला दुपारी परत पाठवलं, म्हणाला काकी संध्याकाळी या, दिवसभरात पाय सुजतो, त्या मापाचा बूट घ्यायचा, आणि ज्या मोज्यांवर चालणार तेच घालून या. पुढं अंगठ्याएवढी जागा ठेवून घेतला. दोनशे रुपये जास्तीचा माल गळ्यात मारायच्या ऐवजी गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार बघितला की बरं वाटतं.

बूट बरोबर घेतला आणि मोजे चुकीचे. जुने सुती मोजे घातले. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला मोजा कातडीवर घासतो आणि फोड येतो. ८ किलोमीटरच्या सरावात आला नाही म्हणून मी गाफील राहिले, वॉकच्या दिवशी सातव्या किलोमीटरला टाचेवर आलाच. घाम झटकणारे पातळ मोजे मिळतात ते घ्या आणि टाचेला, बोटांच्या मधे व्हॅसलीन लावा. आणि त्या दिवशी काहीही नवं घालायचं नाही, ना मोजे ना बूट.

आता प्रत्यक्ष दिवस. डिसेंबरातली थंडी, रंकाळ्याच्या पाण्यावर धुकं, टॉवरवर अजून दिवे चालू, आणि आपण सहाला तिथं पोचलोय. चौपाटीवर एवढी माणसं बघून मला भरून आलं. तरणी पोरं होती, शाळेच्या मुली होत्या, तालमीतले पैलवान होते, नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या. वेळ साडेसहाची दिली होती. सुटलो सात वाजून पाच मिनिटांनी. कारण भाषणं. एकामागनं एक पाहुणे, प्रत्येकाचा सत्कार, शाल, नारळ. वॉर्मअप घेऊन गरम झालेले पाय परत गार पडले, म्हातारी माणसं थंडीत उभी. आणि झेंडा दाखवायला पाहुणे, तर ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते पेशंट बाजूला खुर्च्यांवर. हे मला फार लागलं. पहिला झेंडा त्यांच्या हातात द्यायला पाहिजे होता. साउंडही कानठळ्या बसवणारा, रविवारी पहाटे आजूबाजूला लोक झोपलेले असतात याचा विचार हवा.

रस्ता चांगला निवडला होता. रंकाळ्याला फेरा आणि मग फुलेवाडीच्या बाजूला थोडं जाऊन परत. सगळा सपाट, पहिल्यांदा चालणाऱ्याला चढ नाही हे महत्त्वाचं. शालिनी पॅलेससमोरनं जाताना कोवळं ऊन पडलं. १९३० च्या दशकातला तो वाडा आणि पुढं तळं, रोज गाडीवरनं जाताना मान वळवायलाही वेळ नसतो, चालताना तेवढा सगळा तुकडा आपला होतो. चौकाचौकात पोलीस आणि स्वयंसेवक होते, एका बाजूची वाहतूक व्यवस्थित थांबवत होते. फक्त टॉयलेट सुरुवातीच्या ठिकाणीच, मधे कुठंही नाही. दोन-अडीच तास चालणाऱ्या बायकांचं काय? त्यामुळं बायका पाणीच पीत नाहीत, मी डोळ्यांनी बघितलं. ही मोठी उणीव आहे, एक नंबर तक्रार माझी हीच.

पाण्याचे स्टॉल तीन होते. पहिल्या स्टॉलवर प्लास्टिकचे ग्लास आणि डबा एकच, त्यामुळं ग्लास उडून तळ्याकडं चालले होते. रंकाळा स्वच्छ राहावा म्हणून या गावानं किती आरडाओरडा केलाय आणि आपणच तिथं कचरा करायचा! दुसऱ्या स्टॉलपासनं पोरांनी स्वतःहून पोती धरली, त्यांचं कौतुक. एका ठिकाणी ओआरएसची पुडी ग्लासभर पाण्यात अर्धी ओतून देत होते, मी थांबून सांगितलं की मोठी पुडी एक लिटरला असते, घट्ट केलं तर फायद्याच्या जागी त्रास होतो. ऐकलं त्यांनी, लगेच जग आणला. तसं थंडीत १० किलोमीटरला साधं पाणी आणि काहीतरी खाणं पुरतं.

तिसऱ्या स्टॉलवर मी अख्खी बाटली घटाघटा प्यायले. आणि बाटली खाली ठेवताना मला भाऊजींची वाटी आठवली. त्यांना दिवसाला पाणी मोजून असतं, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. सकाळी वहिनी एका तांब्यात दिवसाचं पाणी काढून ठेवतात आणि ते स्टीलच्या छोट्या वाटीनं पितात, एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरून ठेवतात. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा चघळतात. चार वर्षांत मी त्यांना भांडं तोंडाला लावून पाणी पिताना बघितलेलं नाही. मी तिथं कठड्याला टेकून दोन मिनिटं उभी राहिले. मग निघाले.

सातव्या किलोमीटरनंतर फोडामुळं मी मागं पडत गेले. आणि इथंच मला हा कार्यक्रम जगात भारी का वाटला ते सांगते. शेवटच्या माणसाच्या मागं दोन कॉलेजची पोरं ठेवली होती, पिवळं जॅकेट, सायकल हातात धरून चालत, सायकलला पाणी आणि फर्स्ट एड. त्यांचं काम एवढंच की शेवटचा जो कोण असेल त्याच्या मागनं चालायचं, त्याला पुढं ढकलायचं नाही, गाडीत बस म्हणून मागं लागायचं नाही. त्यातल्या एकानं माझ्या टाचेला पट्टी लावून दिली, रस्त्याच्या कडेला खाली बसून. म्हणाला, काकी फोड फोडू नका, तसाच राहू द्या. माझ्या पोराच्या वयाचा. त्यांच्यासोबत एक आजी चालल्या होत्या, करवीर तालुक्यातल्या, लुगडं, पायात पोराचे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या मालकांचं डायलिसिस चालू आहे. मी म्हटलं आजी, दमला असाल तर ५ वाल्यांच्या बरोबर वळायचं होतं. तर म्हणाल्या, "मी दर एकादशीला नंदवाळला चालत जातो, मला काय हुतंय? तू सावकाश चल, तुझा पाय दुखतोय." आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळच्या विठ्ठलाला पायी दिंडी जाते, वाटेत पुईखडीला रिंगण होतं, हे मी लहानपणापासनं बघत आलेय. चालण्याची सवय या मातीत आहेच. जोतिबाला चालत जाणारे आहेत, नवरात्रात अनवाणी फिरणारे आहेत. आजींना छातीवरचा बिब नंबर कशाला लावतात ते माहीत नव्हतं, पण मागं राहिलेल्यासाठी थांबायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मला दोन तास चाळीस मिनिटं लागली. शेवटून चौथी आले. आजी माझ्या मागनं दहा मिनिटांनी आल्या, आणि तोपर्यंत कमान काढली नव्हती, ढोल बंद केला नव्हता, मेडल संपली नव्हती. मला भीती होती की आपण पोचेपर्यंत मंडप गुंडाळलेला असणार, असं आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी होतं. इथं शेवटच्या माणसासाठी पण तेवढ्याच टाळ्या वाजल्या. नाष्ट्याला गरम पोहे आणि केळी, आणि शेवटच्यांसाठी ताटं झाकून ठेवलेली.

अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षातही आली नसेल. नाष्ट्याच्या जागी पेशंटसाठी वेगळं टेबल होतं. बाकी सगळीकडं नारळपाणी आणि केळी, या टेबलावर दोन्ही नाही. सफरचंदाच्या फोडी आणि कमी मिठाचे पोहे. किडनीच्या पेशंटला जास्त पोटॅशियम चालत नाही, वाढलं तर थेट हृदयावर येतं, आणि केळ्यात, नारळपाण्यात ते भरपूर असतं. लोक प्रेमानं शहाळं घेऊन भेटायला येतात आणि भाऊजींना हात जोडून नको म्हणावं लागतं. इथं कुणाला काही सांगावंच लागलं नाही. ते टेबल बघून मला खात्री पटली की हे लोक नुसते टीशर्ट वाटायला आलेले नाहीत, यांना आजार माहीत आहे.

टीशर्टचं विचाराल तर जाड सुती कापड, अंगाला चिकटतं, आणि बायकांचे साइज सगळे एकेक नंबर लहान. मेडल छान आहे, भाऊजींच्या खोलीत लावलंय.

हिशोब दहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला, दोन पानांची पीडीएफ. फी किती, देणगी किती, टीशर्टचा खर्च कुणी उचलला, मंडप, साउंड, पोहे, सगळं ओळीओळीनं. किती पेशंटच्या प्रवासाला किती महिने पुरणार तेही लिहिलंय. साउंड आणि स्टेजचा आकडा मला जास्त वाटला, तसं मी कळवलं, तर दुसऱ्या दिवशी फोन आला की पुढच्या वेळी स्टेज लहान ठेवू. ज्या चॅरिटी वॉकचा हिशोब येत नाही तिथं मी तरी परत जाणार नाही, आणि जिथं येतो तिथं शंभर माणसं घेऊन जाईन. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार. एक स्टार टॉयलेटचा आणि भाषणांचा कापला.

पहिल्यांदा जाणार असाल तर ५ किमी घ्या, सहा आठवडे आधी सुरू करा, आणि फॉर्म भरताना टीशर्ट एक साइज मोठा टाका. नंदवाळला चालत जाणाऱ्या आजींचा फॉर्म पुढच्या वेळी मीच भरणार आहे, त्यांना १० च पाहिजे.